सातव्या विहिरीतलं पाणी

आई,

काल मला एका बाईनं भर सभेत गप्प केलं. शेवगावकडचं एक गाव, पारापुढं मांडव घातलेला, दीड-दोनशे माणसं. मी तुझ्याबद्दलच बोलत होतो. गेली कित्येक वर्षं बोलतो आहे. बहात्तर सालचा दुष्काळ, पिसाळलेलं कुत्रं, आणि दवाखान्याऐवजी सात विहिरी दाखवून मारलेली माझी आई. ही गोष्ट मी इतक्या स्टेजवर सांगितली आहे, की आवाज कुठं चढवायचा, कुठं थांबायचं, हे आता मला ठरवावं लागत नाही. "आणि गावानं तिला विहिरी दाखवल्या," हे वाक्य म्हटलं की मी थांबतो. तिथं बायका पदर डोळ्यांना लावतात. काल त्या थांबण्यातच, पुढं बसलेली एक म्हातारी, शेंगा फोडता फोडता, मान वर न करता म्हणाली, "आन तुमी कुठं हुता तवा?" मागून कोणीतरी दटावलं, "गप ए आजे, साहेब बोलत्यात." ती म्हणाली, "न्हाई, इच्यारते आपलं. शिकल्याले हुते म्हनत्यात ना. मंग कुठं हुते?"

मी पुढाऱ्यांना उत्तरं दिली आहेत. अंगात येणाऱ्या बुवांना त्यांच्याच मठाच्या दारात उभं राहून उत्तरं दिली आहेत. काल मी पेल्यातलं पाणी प्यालो आणि पुढचं वाक्य म्हटलं. सभेला काही कळलं नाही. त्या म्हातारीला कळलं. पोटात काही नसताना मी "जेवून आलोय" म्हणायचो, तेव्हा तू माझ्याकडं बघायचीस, तशी ती बघत होती.

तुला वाचता येत नव्हतं, हे मी विसरलेलो नाही. तू भाकरी थापायचीस, मी चुलीपुढं बसून पेपर वाचून दाखवायचो. पेपर चार दिवसांचा शिळा असायचा. तू मध्येच "पुन्यांदा वाच" म्हणायचीस आणि मी आवाज चढवून पुन्हा वाचायचो. भाषण करायला मी तिथंच शिकलो. माझ्या समोर तू असायचीस आणि राखेत अंग मुडपून पडलेला आपला कुत्रा, पाव्हण्या. आवाज फार चढला की तो एक कान उचलायचा. तेव्हा आताही वाचून दाखवतो आहे असं समज. तुला सांगायची एक गोष्ट राहिली आहे. ती कुणालाच सांगितलेली नाही, पण आधी तुला सांगायला हवी होती.

पाव्हण्या आला तो दिवस मला लख्ख आठवतो. तू कर्जतचा बाजार करून येत होतीस आणि कांद्याच्या ढिगापासून एक पिल्लू तुझ्यामागं लागलेलं. तांबडं, पोट सुटलेलं, शेपटीचं टोक तेवढं पांढरं. तू दोनदा हाड म्हटलंस, एकदा खडा उचलल्यासारखं केलंस. ते बसायचं, तू चार पावलं गेलीस की उठायचं. घरी आलीस तेव्हा वडील, आपले दादा, ओट्यावर होते. त्यांनी विचारलं, "कोन आलंय गं संगं?" तू वैतागून म्हणालीस, "पाव्हना आलाय." तेच नाव पडलं. पुढं खरोखरचे पाहुणे आले की पंचाईत व्हायची. ताईच्या सासरची मंडळी पहिल्यांदा दारात उभी राहिली आणि परसातून तुझा आवाज आला, "पाव्हन्या, भायेर व्हय बरं आधी, लोळू नगंस." ताईचे सासरे चप्पल घालायला वळले होते. दादा हसता हसता खोकल्यानं बेजार झाले. पण त्या दिवसानंतर ते सासरे जेव्हा येत, तेव्हा आधी कुत्र्याला रामराम घालत.

त्याच्या खोड्यांनी तू कावून जायचीस. शेजारच्या आजीच्या कोंबडीनं अंडं घातलं की कोंबडी ओरडायच्या आधी ह्याला कळायचं. आजी काठी टेकत यायची, "तुझ्या पाव्हन्यानं न्याहारी केली माझ्याकडं." तू आपल्या कोंबडीचं अंडं तिच्या हातावर ठेवायचीस. उन्हाळ्यात त्याच्या कानात गोचिडं व्हायची. तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन एकेक गोचीड काढून रॉकेलच्या वाटीत टाकायचीस, आणि तो डोळे मिटून, कण्हत, पण न हलता पडून राहायचा. मी कॉलेजला नगरला जायला लागलो, तेव्हा तो मला फाट्यापर्यंत सोडायला यायचा. एसटी हलली की थोडं मागं धावायचा, मग थांबून, आपलं काम झालं अशा चालीनं घरी परतायचा. मला वक्तृत्वाचा पहिला कप मिळाला, तो तू दोन दिवस फडताळात ठेवलास आणि तिसऱ्या दिवशी त्यात पाव्हण्याला पाणी दिलंस. मी रागावलो. तू म्हणालीस, "मंग त्यात काय ठिवायचं? मीठ ठिवलं आसतं तर गंजला आसता."

आणि त्याची भाकरी. सगळ्यांच्या भाकरी झाल्या की परातीत राहिलेलं पीठ हातानं पुसून घेऊन तू एक लहानशी भाकरी थापायचीस आणि तव्यावर टाकायच्या आधी तिच्या मधोमध अंगठा दाबायचीस. ती खूण असलेली भाकरी त्याची. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. मी शाळेत असताना एकदा भुकेला घरी आलो आणि दुरडीत तेवढीच होती, म्हणून खाल्ली. तू मारलं नाहीस. तू परात माझ्यापुढं सरकवलीस आणि म्हणालीस, "आता तूच कर त्याला." माझी भाकरी तव्यावर तीन ठिकाणी फाटली. तू दारात उभी राहून ती त्याला घातलीस आणि माझ्याकडं न बघता बोललीस, "ज्याला बोलता येतं त्यानं मागून खावं. त्याला बोलता येत न्हाई." त्या वाक्यावर मी पुढं किती भाषणं उभी केली, मुक्या माणसांची, मुक्या जातींची. टाळ्या पडल्या. ते वाक्य माझ्यावरच उलटेल हे तेव्हा कुठं माहीत होतं.

मग ती वर्षं आली. पहिल्या वर्षी पिकं गेली, दुसऱ्या वर्षी पाणी गेलं. बैल घेऊन दादा जनावरांच्या छावणीवर जाऊन राहिले, आणि तू दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागलीस. रेशनवर तो लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याची भाकरी थापताना हातातच मोडायची. पाव्हण्यानं पहिल्या दिवशी ती हुंगली, तुझ्याकडं पाहिलं, आणि तिच्याशेजारी जाऊन झोपला. तू हसत म्हणालीस, "त्येला बी कळतंय, आपल्यालाच कळंना." पण त्या भाकरीवरही अंगठ्याची खूण होतीच. कामावर खायला मिळणारी सुकडी, ती गोड पिठाची वडी, तू अर्धी पदरात बांधायचीस. मी सुट्टीत एकदा कामावर आलो होतो. उन्हात बायका ओळीनं बसलेल्या, हातोड्यांचा आवाज, धुरळा, आणि बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळ्यांत तान्ही पोरं. पाव्हण्या त्या झोळ्यांखाली पडलेला. पोर रडलं की उठून त्या पोराच्या आईपुढं जाऊन उभा राहायचा, बरोबर तिच्याच. बायका त्याला मुकादम म्हणायच्या. "खऱ्या मुकादमापरीस ह्यो बरा," एकजण म्हणाली, "शिव्या तरी देत न्हाई." पण तू पदरातली सुकडी सोडलीस की त्याच बायकांतली दुसरी एक बोलायची, "मानसाला न्हाई आन कुत्र्याला घालती. लई पुन्य बांधायलीस का गं?" तू हातोडी चालू ठेवून म्हणायचीस, "पुन्य न्हाई बाई. सवय हाय."

गावाबाहेर तेव्हा मेलेली जनावरं पडलेली असत. कुत्री तिथं जमायची, आणि ती सगळीच आपल्या गावची नसत. पाव्हण्या एकदा तिकडून नाकावर ओरखडा घेऊन आला. तू हळद लावलीस आणि दोन दिवस बांधून ठेवलंस. त्यानंतर महिन्याभरानं तो खाईना. हे सगळं मी नव्हतो तेव्हाचं, तू सांगितलेलं, पण इतक्या वेळा डोळ्यांपुढं आणलं आहे की मी तिथंच होतो असं वाटतं. तो भाकरीपाशी जातो, तोंड लावतो, भाकरी तशीच राहते. खालचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, घशातून खरखर येते. तो कुणावर भुंकत नाही, धावत नाही. कपातल्या पाण्यात तोंड घालतो आणि पाणी तसंच खाली सांडतं. पिसाळलेलं कुत्रं कसं असतं हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते धावतं, दिसेल त्याला चावतं. हा तर गरीब गाईसारखा दारात बसलेला. त्या दिवसांत कुत्र्याच्या घशात हाडूक अडकणं ही इतकी साधी गोष्ट होती, की दुसरं काही कुणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं. तू त्याचं डोकं मांडीवर घेतलंस, गोचिडं काढताना घ्यायचीस तसंच, आणि उजवा हात मनगटापर्यंत त्याच्या तोंडात घातलास. घसा चाचपलास. हाडूक सापडलं नाही. हात बाहेर काढताना दातांवर खरचटला. तो चावला नाही, आई. हे तू शेवटपर्यंत सांगत राहिलीस आणि ते खरं होतं.

तिसऱ्या दिवशी तो गेला. तू त्याला परसात पुरलंस. त्याच्या चौथ्या दिवशी, शनिवारी, मी नगरहून आलो.

दारात तो नव्हता म्हणून मी विचारलं. तू चुलीपुढंच सगळं सांगितलंस, रडत नव्हतीस, आवाज तेवढा बसला होता. बोलता बोलता हात पुढं केलास, "ह्ये बघ, एवढं खरचाटलंय." अंगठ्याच्या बुडाशी तीन बारीक रेघा, सुकत आलेल्या. आणि मला माहीत होतं. कॉलेजच्या लायब्ररीत मी एका फ्रेंच शास्त्रज्ञाचं चरित्र वाचलं होतं, त्या पाठोपाठ कुत्र्याच्या विषावरचं दुसरं एक पुस्तकही वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं की पिसाळलेलं कुत्रं दोन प्रकारचं असतं. एक धावतं. दुसरं मुकं असतं, त्याचा जबडा लुळा पडतो, आणि लोक हाड अडकलं समजून त्याच्या तोंडात हात घालतात. हात घालतात, असंच लिहिलं होतं. त्या पानावरचा चहाचा डागसुद्धा मला आठवतो.

स्टेजवर मी सांगतो की मी तिच्या पाया पडलो, पण ती ऐकेना. तू पुरती साक्षीदार आहेस, तूच सांग. मी एकदा म्हणालो, "आई, नगरला दवाखान्यात जाऊ. सुया घ्याव्या लागतील." तू विचारलंस, "किती?" मी म्हणालो, "चौदा. पोटात." तू माझ्याकडं बघून हसलीस. "चौदा? आन चौदा दिस कामाव खाडा? येडा का काय तू. चावलं कुठं ते मला."  एवढंच. ज्या आवाजानं मी मैदानं भरून टाकतो तो आवाज मी तुझ्यासाठी एकदाही चढवला नाही. का नाही, हे मी पुष्कळ वर्षं शोधलं. तुला भीती घालायची नव्हती, हे खरं. पाव्हण्या पिसाळला होता असं म्हणायचं म्हणजे तुझ्या मांडीवर मेलेल्या जिवाला शिवी दिल्यासारखं होतं, हेही खरं. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी, मला संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं, आणि हे त्या दोन्हींपेक्षा जास्त खरं होतं.

सकाळी शेजारची आजी आली. तिनं हात पाहिला आणि म्हणाली, "दवाखान्याचं मला न्हाई कळत. पर सात हिरीत डोकावून घे. पान्यात आपलं तोंड दिसलं म्हंजी गेली बाधा. कुत्र्याचं दिसलं तर मंग बघा." तू माझ्याकडं वळलीस. "चल की रं. तेवढं तरी करू. तुझ्या बी जिवाला बरं वाटंल." मी "थोतांड" म्हणायला हवं होतं. तो शब्द मला चांगला म्हणता यायचा, वादविवादात त्यावर हशा मिळायचा. मी चप्पल घातली.

दुष्काळात पाणी असलेल्या सात विहिरी शोधत आपण दोघं उन्हात फिरलो. दादा छावणीवर, बरोबर कुणी नाही. आणि आई, तो दिवस वाईट गेला असं मला म्हणता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. तू बोलत होतीस. "एवढं तर मला लग्नात बी मिरवलं न्हवतं," म्हणालीस. पहिली विहीर खालच्या मळ्यातली. तळाशी ताटाएवढं पाणी. तू काठावर पालथी पडून वाकलीस, मी तुझे पाय धरले. खालून तुझा आवाज घुमून आला, "दिसलं." मग थोडं थांबून, "केस किती पांढरं झाल्यात रं माझं." घरात तळहाताएवढा आरसा होता, त्यात कुंकवापुरतं कपाळ दिसायचं. अख्खं तोंड तू किती वर्षांनी पाहत होतीस कोण जाणे. दुसऱ्या विहिरीत म्हणालीस, "मी आयसारखी दिसाया लागले." चौथी तर पार शेजारच्या गावाच्या शिवेवर. तिथल्या माणसानं विचारलं, "काय हरवलं का हिरीत?" तू म्हणालीस, "तोंड हरवलंय, बघायला आले." तो आपल्या वाटेनं निघून गेला. सहा विहिरी होईपर्यंत दुपार टळली. तुझ्या टाचा भेगाळून रक्त आलं होतं. आणि मी प्रत्येक विहिरीगणिक हातावरचं घड्याळ बघत होतो.

सातवी मिळेना. शेवटी आपण गावात परत आलो. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत टँकर ओतायचा, ती सातवी धरायची ठरलं. टँकर आला. पाणी पायपातून खाली कोसळलं, तळाचा गाळ ढवळून निघाला, आणि काठावर बायकांची ही गर्दी, घागरी, दोर, कोपरं. तू वाकलीस तशी एकजण ओरडली, "आगं बघाया काय हाय त्यात? घागर बुडू दे की आधी." तू तशीच वाकून राहिलीस. पाणी चहासारखं तांबूस, फेस आलेला, वर पोहरे आदळत होते. तू मान वर करून म्हणालीस, "मला तर कायच दिसंना. तू बघ बरं. तुझी नजर चांगली हाय." मी वाकलो. मला गाळ दिसला. तू म्हणालीस, "थोडं थांबू. बायका गेल्या की निवळंल." पाच वाजता फाट्यावर गाडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नगरला आंतरकॉलेज स्पर्धा होती, आणि त्यानंतर नगरला पोचवणारी गाडी नव्हती.

मी म्हणालो, "दिसलं."

"माझं?"

"तुझंच, आई."

तुझा चेहरा मोकळा झाला. जवळच्या बाईला तू सांगितलंस, "शिकल्याला हाय माझा ल्योक. त्यो कशाला खोटं बोलंल." घरी येऊन तू माझ्या पिशवीत फडक्यात बांधलेली सुकडी ठेवलीस. पाव्हण्याच्या वाटची. "आता कुनाला घालू," म्हणालीस. सोमवारी तू खडीवर गेलीस. सोमवारी मी पहिला आलो, आणखी एक कप मिळाला. विषय होता, विज्ञानयुग आणि आपला समाज.

दीड महिन्यानं दादांचा निरोप आला तेव्हा तुला पाणी सोडून दोन दिवस झाले होते. आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण सगळ्यांना वाटलं तू आमच्यासाठी ठेवते आहेस. दुष्काळभर तू तेच करत होतीस. तू स्वतःचा तांब्या दुसऱ्याकडं सरकवायचीस. छावणीवरून आलेले दादा मला म्हणाले, "म्हनती, तुमी प्या, मला नगं. म्हटलं, नेहमीचंच हाय हिचं." मग त्यांनी जबरदस्तीनं तांब्या तोंडाला लावला, तेव्हा तुझा गळा आवळला गेला आणि तू तांब्या भिरकावलास. टँकरचं पाणी जमिनीत मुरलं. शेजारची आजी ते पाहून खाली बसली. तिला तेव्हाच कळलं.

नगरच्या दवाखान्यात खिडक्यांना चादरी लावलेल्या, वारा लागू नये म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रं चावलं होतं?" दादा म्हणाले, "न्हाई साहेब, चावलं न्हाई. हाडूक काढत हुती." डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, शर्ट-पँटीतला मी एकटाच होतो. मी खाली बघितलं. तू शुद्धीवर होतीस, या रोगात माणूस शुद्धीवर असतं हेही मी वाचलेलं होतं. दादा बाहेर गेले तेव्हा तू मला जवळ बोलावलंस. आवाज घोगरा, ओठ फुटलेले. "सातवीत दिसलं हुतं ना रं?" मी म्हणालो, "दिसलं हुतं, आई."  तू म्हणालीस, "मंग ह्ये काय हाय?"

त्याला मी उत्तर दिलं नाही. कालच्या म्हातारीलाही दिलं नाही. मध्ये इतकी वर्षं मी फक्त भाषणं दिली.

तू गेल्यावर दादांनी रोज एक भाकरी दाराबाहेर टाकायला सुरुवात केली. गावातलं कुठलंही कुत्रं यायचं आणि खायचं. मी भांडलो. म्हणालो, ज्यांनी तिला मारलं त्यांना घास कसला घालता. दादा म्हणाले, "त्येची काय चूक? त्येला कुठं ठावं हुतं आपल्याला काय झालंय. ठावं आसल्यालं कुनी हुतं का हितं?" ते सहज म्हणाले का जाणून, हे मला कधी कळलं नाही. मी त्यांना विचारायचं धाडस केलं नाही आणि तेही गेले. शेजारच्या आजीला तर मी स्टेजवर उभं करून करून जाळलं, अडाणी, अंधश्रद्ध, गावाची बुद्धी गहाण ठेवणारी म्हणून. ती जिवंत होती तोवर माझं भाषण एकदा आपल्या गावातही झालं. ती मागं बसून ऐकत होती. तिनं तिथं एकदाही म्हटलं नाही की विहिरी दाखवायला मी नव्हते गेले, तिचाच शिकलेला पोरगा गेला होता. भाषण झाल्यावर तिनं माझ्या हातावर अंडं ठेवलं.

माझ्या घरी आता एक कुत्री आहे. मुलीनं आणलेली. चपला कुरतडते, माझ्या खुर्चीत झोपते, मी बोलायला लागलो की एक कान उचलते. तिच्या सुईची तारीख मी कधी चुकवत नाही, घरातले त्यावरून हसतात. मागच्या महिन्यात ती खोकत होती, घशात काहीतरी अडकलं होतं. तिला सगळ्या सुया दिलेल्या आहेत, भीतीचं काही कारण नाही, हे माझ्याइतकं या जिल्ह्यात कुणी सांगितलं नसेल. पण मी हात पुढं केला आणि तो तिच्या तोंडापाशी थांबला. गेला नाही. मुलीनं येऊन दोन बोटं घातली, प्लास्टिकचा तुकडा काढला, आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसतेच बघत काय बसलात?" मी तिला तुझी गोष्ट सांगितलेली आहे. स्टेजवरची.

पुढच्या आठवड्यात पारनेरकडं सभा आहे. तिथं खरी गोष्ट सांगेन असं मी तुला लिहिणार होतो. लिहीत नाही. तुला एकदा खोटं सांगितलं तेवढं पुरे झालं. हे पत्र कुठं टाकायचं तेही मला ठाऊक नाही. मुलगी वाचेल म्हणून घरात ठेवता येत नाही, आणि जाळावं तर तेही भाषणासारखंच वाटतं. सध्या ते त्या सोमवारच्या स्पर्धेच्या कपात घडी करून ठेवतो. त्या कपात कुणी कधी पाणी प्यालेलं नाही.

एकच सांगायचं राहिलं. त्या रविवारी मी पळत पळत फाट्यावर पोचलो. पाव्हण्या नसल्यामुळं पहिल्यांदाच एकटा. गाडी आलेली नव्हती. ती तासभर उशिरा आली, आई. तेवढ्यात बायका पाणी भरून गेल्या असतील आणि विहीर निवळली असेल. तुझं तोंड दिसलंच असतं, आणि त्यानं काही होणार नव्हतं, ते मला माहीत होतं. पण गाव तिथून हाकेच्या अंतरावर होतं. मी परत येऊन, तुझा हात धरून, माहीत होतं ते सगळं तुला मोठ्यानं सांगू शकलो असतो, आणि तुला त्याच गाडीत घालून नगरला नेऊ शकलो असतो. मी बाभळीखाली उभा राहून पाव्हण्याच्या वाटची सुकडी खाल्ली आणि भाषण पाठ केलं.